भूत परत आणा, पण कोणाला हसायचं ते आधी ठरवा

आमच्याकडे एप्रिल महिना धावपळीतच जातो. रामनवमीच्या यात्रेला देशभरातले बंजारा बांधव पोहरादेवीला येतात, सेवालाल महाराजांच्या समाधीवर माथा टेकतात, मानोरा-दिग्रस रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. आणि त्याच उन्हात चौदा एप्रिलची तयारी सुरू असते. मागच्या जयंतीआधी आमच्या वस्तीतली आणि शेजारच्या तांड्यातली काही पोरं माझ्याकडे आली. त्यांना जयंतीच्या कार्यक्रमात नाटिका बसवायची होती. विषयही त्यांनीच ठरवला होता : 'रात्रीस खेळ चाले'चं पुढचं पर्व, वऱ्हाडी बोलीत.

"दादा, अण्णा नाईकचं भूत यात्रेत येते, अन् त्याले आपली बोलीच समजत नाही," नाटिका बसवणारा पोरगा सांगत होता. "लोक हासून हासून लोयतीन."

कल्पना मला आवडली. कोकणातला जमीनदार मरून भूत झाला आणि वऱ्हाडात येऊन फसला, यात गंमत आहेच. मी तालमीला गेलो.

तालमीत तीन ठिकाणी जोरात हशा पिकला. पहिला पांडूवर. पांडू म्हणजे अण्णांच्या घरचा गडी, सगळं विसरणारा, वेंधळा. दुसरा हशा अण्णांच्या शिव्यांवर. आणि तिसरा, सगळ्यात मोठा, हडळीवर. पांढरे केस मोकळे सोडलेली, कमरेत वाकलेली, काठी टेकत येणारी हडळ एका पोरानं इतकी हुबेहूब केली होती, की पाहणारे टाळ्या पिटत होते. हुबेहूब कोणाची, ते सगळ्यांना कळत होतं. वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी एक म्हातारी आहे, तिची ती चाल होती. मांत्रिक आला तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. त्याच्यासाठी डफ वाजला, धूप पेटला, आवाजात जरब आली.

ती म्हातारी मागे ओट्यावर बसून तालीम पाहत होती. हडळीचा प्रवेश संपल्यावर ती काठी टेकत उठली. मी म्हणालो, "आजी, बसा ना." ती म्हणाली, "चालू द्या बाप्पा तुमचं. मी आपली घरी जातो."

हा लेख त्या रात्रीपासून डोक्यात आहे.

मित्रांनो, त्या म्हातारीबद्दल एवढंच सांगतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी एका घरातलं लेकरू तापानं फणफणलं होतं. दवाखान्यात नेल्यावर ते बरंही झालं. पण मधल्या दोन दिवसांत कोणीतरी या बाईचं नाव घेतलं : "तिची नजर चांगली नाही." पुढे काही घडलं नाही. मारहाण नाही, पोलीस नाही. फक्त दोन घरांनी तिला बारशाला, लग्नाला बोलावणं बंद केलं. ही घरं आपलीच आहेत. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत.

आता मूळ मालिकेकडे येऊ. कारण आमच्या पोरांनी जे केलं, ते त्यांनी हवेतून आणलं नव्हतं.

'रात्रीस खेळ चाले' झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीचा वाडा, मालवणी बोली, अण्णा नाईकांचा मृत्यू आणि त्यानंतर घरात एकेक विपरीत घडत जाणं. त्या पर्वातली भीती बरीचशी न दिसणाऱ्या गोष्टींची होती. त्याहूनही खरी होती ती घरातली भांडणं : वाटणी, जमीन, भावाभावांचे संशय. तेव्हा सिंधुदुर्गातून विरोधही झाला. मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते, कोकणाची बदनामी करते, असे आक्षेप होते.

जानेवारी २०१९ मध्ये मालिका परत आली, पण मागे जाऊन. पहिल्या पर्वात जो मेलेला होता, तो अण्णा दुसऱ्या पर्वात जिवंत होता. माधव अभ्यंकरांनी तो असा काही उभा केला की महाराष्ट्रभर अण्णा नाईक हे नाव झालं. मग मार्च २०२१ मध्ये तिसरं पर्व आलं, त्यात अण्णा आणि शेवंता भुतं होऊन वाड्यात परतले.

मेलेली मालिका उठवायची तर तेच भूत पुन्हा दाखवून भागत नाही. प्रेक्षकाला त्याची खोड कळलेली असते, म्हणून तो घाबरत नाही. मग लेखक विनोद वाढवतो, नाहीतर किंकाळ्या वाढवतो. दुसऱ्या पर्वानं तिसरी वाट काढली, भूत होण्याआधीचा माणूस दाखवला. वाट उत्तम होती. भूत कसं तयार होतं, हे सांगण्याची ती संधी होती. अण्णा हा बायकोला मारणारा, बायांवर वाईट नजर ठेवणारा, लोकांच्या जमिनी बळकावणारा, माणसं संपवणारा जमीनदार. गावाला त्याची दहशत. असा माणूस आपल्याला माहीत नाही का? त्याला भुताची काय गरज? तो जिवंतपणीच भूत आहे.

मालिकेत हे सगळं दाखवलं गेलं, हे मान्य करायला हवं. त्यानं ज्यांना संपवलं ते त्याच्या मानगुटीवर बसतात, हेही दाखवलं. पण प्रेक्षकाच्या हातात काय उरलं? अण्णांची नजर, अण्णांच्या शिव्या, अण्णा-शेवंता यांच्यावरचे मीम. व्हॉट्सअॅपवर वर्षभर अण्णा फिरत होते आणि आपण सगळे हसत होतो. मीही हसलो आहे, खोटं कशाला बोलू? एका अत्याचारी जमीनदाराचा आपण लाडका अण्णा करून टाकला. तिसऱ्या पर्वात तो भूत होऊन आला तेव्हा घाबरण्याऐवजी लोकांना जुना ओळखीचा माणूस घरी आल्यासारखं वाटलं. नाट्य तिथंच संपलं.

आणि पांडू? प्रल्हाद कुडतरकर यांनीच मालिका लिहिली आणि पांडूही त्यांनीच रंगवला. नट म्हणून ते काम फर्मास आहे. भीतीच्या प्रसंगानंतर प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा लागते, ती जागा पांडूनं दिली. पण ही जागा प्रत्येक वेळी गड्याच्याच वाट्याला का येते? वाड्यातला मालक दरारा निर्माण करणार, मांत्रिक गांभीर्य निर्माण करणार आणि राबणारा माणूस हसू निर्माण करणार. मराठी नाटक, सिनेमा, मालिका यांतला रामा गडी आठवून पाहा. ज्याच्या पोटाला खरी भीती असते, त्याच्याच भीतीला आपण विनोद म्हणतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. भुताच्या मालिकेत विनोद किती आणि नाट्य किती, हे भाजीतल्या मिठासारखं चिमटीनं मोजता येत नाही. आधी ठरवायचं असतं ते दुसरंच : हसू कोणाचं होणार आणि भीती कोणाची वाटणार. हे चुकलं की प्रमाण कितीही नेमकं असो, नाटक बाधतं.

आपल्या लोकसमजुतीतली भुतंसुद्धा नीट तपासा. मुंजा कोण? मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा. ब्रह्मराक्षस कोण, ते नावातच आहे. म्हणजे मेल्यावरही जात सुटत नाही. जिवंतपणी ज्याला मान, त्याच्या भुतालाही पिंपळ आणि पूजा. आणि हडळ, अलवंतीण कोण? बाळंतपणात मेलेली बाई. तिला वेळेवर सुईण मिळाली नाही, दवाखाना मिळाला नाही, रक्त मिळालं नाही. गावाच्या हलगर्जीपणानं ती मेली आणि मेल्यावर गावानं तिलाच धोकादायक ठरवलं. लेकरांना तिची भीती घातली, म्हणजे प्रश्न विचारायला कोणी उरलं नाही. व्यवस्था आपला गुन्हा कसा लपवते, हे शिकायला याहून चांगला पाठ नाही.

बंजारा बांधवांना हे वेगळं सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कितीतरी भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावाच्या डोक्यातून गेला नाही. रात्री शिवारात अनोळखी माणूस दिसला की आजही आधी संशय येतो तो पालावरच्या, तांड्यावरच्या माणसाचा. चोर कोण, चेटकीण कोण, हे ठरवणारे हात एकच असतात आणि बोट नेहमी गावकुसाबाहेर दाखवतं.

"दादा, टीव्हीच्या गमतीवर एवढं काय?" असं मला नाटिकेतल्या पोरांनीही विचारलं. त्यांना मी वणी खुर्दची गोष्ट सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातलं हे गाव. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथं भानामतीच्या संशयावरून सात दलितांना भर चौकात बांधून मारण्यात आलं. त्यांत म्हातारी माणसं होती, बाया होत्या. आणि एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, जादूटोण्याच्या संशयावरून एका ७७ वर्षांच्या आदिवासी म्हातारीची धिंड काढल्याचं प्रकरण जानेवारी २०२५ मध्ये उघडकीस आलं.

या लोकांनी कोणती मालिका पाहून हे केलं, असं मी म्हणत नाही. मालिका पाहून कोणी दोर घेऊन निघत नाही. पण अशी गोष्ट चौकात पोहोचण्याआधी ती बरीच वर्षं ओट्यावर असते. तिथं ती गंमत म्हणून असते. "ती पाहा हडळ चालली" म्हणून लेकरं मागे धावतात, मोठे हसतात. हसताना माणूस माणसातून उणा होतो. मग एखाद्या दिवशी कोणाचं लेकरू तापानं फणफणतं, कोणाची गाय मरते, आणि नाव आधीच तयार असतं. म्हणून मला त्या तालमीतला तिसरा हशा टोचला.

कायदा आपल्याकडे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. एखाद्याला करणी करणारा, चेटूक करणारा ठरवून त्याचं जगणं अवघड करणं हाही त्यात गुन्हा आहे. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला हे माहीत पाहिजे. पण कायदा येतो तो बाई चौकात आणल्यावर. ओट्यावरच्या हशाला कलम लागत नाही. तिथं कलाच लागते.

आता दोन आक्षेपांना उत्तर देतो.

पहिला आक्षेप आपल्याच चळवळीतल्या काही ज्येष्ठांचा : भुताच्या मालिका बंद करा, जयंतीत भूत नकोच. मला हे पटत नाही. बंदी मागणं सोपं आहे, पण ज्या गोष्टीला लोक रात्री जागून पाहतात, ती आपण सोडली तर ती दुसऱ्याच्या हातात जाते. भीती आणि हसू ही दोन्ही आपल्या लोककलांची जुनी हत्यारं आहेत. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यात काय आहे? एक गरोदर कुणबीण, तिला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि या दोघांच्या मध्ये उभा राहून बोलणारा विदूषक. जोशाची भीती खरी आहे, कारण त्या बाईच्या पोटातल्या लेकराचा प्रश्न आहे. तिला कोणी हसत नाही. हसू आहे ते जोशाच्या लबाडीचं, आणि ते विदूषकाच्या तोंडून येतं. शेवटी ते जोडपं फुल्यांच्या रात्रीच्या शाळेची वाट धरतं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक नाकारलं. का नाकारलं, ते वेगळं सांगायला नको. विनोद आणि नाट्याचं प्रमाण शिकायचं असेल तर पोरांनो, आधी ते नाटक वाचा. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी हीच वाट रुंद केली.

दुसरा आक्षेप करमणूकवाल्यांचा : प्रत्येक गोष्टीत जात आणलीत तर मजा जाते. मग जॉर्डन पीलचं काय करायचं? हा अमेरिकेतला काळा विनोदी नट. त्यानं २०१७ मध्ये 'गेट आउट' नावाचा भयपट काढला. गोऱ्या मैत्रिणीच्या घरी पाहुणा म्हणून गेलेल्या काळ्या तरुणाची गोष्ट. गोरे लोक गोड बोलतात आणि त्या गोडव्याचीच भीती वाटते. त्यातही एक विनोदी पात्र आहे, नायकाचा मित्र, विमानतळावर सुरक्षा तपासणी करणारा साधा कर्मचारी. त्याच्या बडबडीला सगळे हसतात, पण खरं काय चाललंय ते सगळ्यात आधी त्यालाच कळलेलं असतं. प्रेक्षकाला हसवणारा माणूसच तिथं शहाणा आहे. या सिनेमाच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. मजा गेली का? आपल्याकडेही 'तुंबाड' पाहा. २०१८ चा हा सिनेमा घाबरवतो तो वाड्यातल्या हावेनं. राक्षस गाभाऱ्यात आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे जाणारा माणूस जास्त भयानक वाटतो. वर्मावर बोट ठेवलं की भीती वाढते, कमी होत नाही.

त्या रात्री तालीम संपल्यावर आम्ही पोरं आणि मी समाजमंदिरात बसलो. मी भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, "पांडू सगळं विसरते म्हणता. त्याले पगार किती महिन्याचा भेटला नाही, हे तो विसरला असंन का?"

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग तांड्यातला एक पोरगा, ज्याचा बाप दरवर्षी ऊसतोडीला जातो, म्हणाला, "उचल किती घेतली, मुकादमानं किती कापले, हे माहा बाप झोपीतबी सांगते."

तिथून नाटिका बदलली. नव्या नाटिकेत पांडू आधीसारखाच विसरतो. चपला विसरतो, तंबाखू विसरतो, आपण कोणाच्या घरी आलो तेही विसरतो. लोक हसतात. मग अण्णांचं भूत दणक्यात प्रवेश करतं आणि त्याला घाबरवू लागतं. पांडू त्याच्याकडे पाहतो आणि एकेक दिवस मोजायला लागतो : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मजुरी, दिवाळीच्या आधीची, बायकोच्या बाळंतपणाला मागितलेले आणि न दिलेले पैसे. त्याला सगळं आठवतं. भूत मागे सरकत जातं. हसू येतं, पण आता ते अण्णांचं येतं. आणि बाळंतपणाच्या पैशाशी आल्यावर पांडू थांबतो. तिथं कोणी हसत नाही. कारण नाटिकेतली हडळ ही त्याचीच बायको असते.

मांत्रिक ठेवला. फक्त डफ आणि धूप काढून घेतला आणि त्याच्या हातात मोबाइल दिला. भूत समोर आल्यावर मंत्र आठवत नाही म्हणून तो यूट्यूबवर शोधतो आणि रेंज मिळत नाही. तांड्यावर रेंज नसणं सगळ्यांना माहीत, त्यामुळे हशा असा उठला की पुढचे दोन संवाद ऐकूच आले नाहीत. हाही एक धडा : हशा येणार असेल तर पुढचा संवाद थांबवून धरायचा. हे तंत्र आमच्या पोरांना तेव्हा जमलं नाही, पुढच्या वेळी जमेल.

सगळ्यांना आवडलं असं नाही. गंडेदोरे बांधणारे एक काका मध्येच उठून गेले. एका ज्येष्ठानं विचारलं, जयंतीत बाबासाहेबांचं चरित्र सोडून भूत कशाला? त्यांचा राग मी समजू शकतो. पण चरित्र ऐकायला समोर नेहमीची माणसं बसतात. त्या रात्री मागे उभं राहायलाही जागा नव्हती. ती दोन घरंही आली होती, बारशाला न बोलावणारी.

ती म्हातारी आली नाही. पोरं आदल्या दिवशी तिच्याकडे जाऊन आली होती, चुकलं म्हणाली होती. तिनं चहा पाजला, एवढंच. मी तिला कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी हापशावर भेटलो. ती म्हणाली, "पोट्टे म्हनत होते, त्या गड्यानं त्या मालकाले पैसे मांगतले. मंग भेटले का त्याले?"

"नाही आजी, नाटिका तिथंच संपली."

"असं कसं संपली?" ती म्हणाली.

मी ते पोरांना सांगितलं आहे. पुढच्या जयंतीसाठी ते पुढचं पर्व लिहीत आहेत. तुमच्या गावातही कोणी भूत परत आणत असेल, नाटिकेत, रीलमध्ये, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, तर तालमीला जाऊन बसा. हशा कुठे होतो ते पाहा. आणि ओट्यावरून कोण उठून जातं, तेही पाहा.

जय भीम! जय सेवालाल!